स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत मी पडले, त्याची गोष्ट

नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यू जर्सीतल्या आमच्या टाउनशिपच्या स्कूल बोर्डाची, म्हणजे इथल्या सरकारी शाळांचा कारभार बघणाऱ्या मंडळाची, निवडणूक मी लढवली आणि ७४ मतांनी पडले. तीन जागा, सहा उमेदवार, मी चौथी. निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे उत्सुकता ताणली जाणार नाही आणि मधलं नीट वाचलं जाईल. उभं राहायचं ठरवलं तेव्हा मराठीत असं कुणी लिहिलंय का ते मी बरंच शोधलं होतं. सापडलं नाही, म्हणून हे.

सुरुवात बसवरून झाली. जानेवारीत शाळेचा ईमेल आला की पुढच्या वर्षीपासून ‘कर्टसी बसिंग’ बंद करण्याचा विचार आहे. न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणे आठवीपर्यंतचं मूल शाळेपासून २ मैलांहून लांब आणि हायस्कूलचं अडीच मैलांहून लांब राहत असेल, तरच बस देणं बंधनकारक आहे. त्याच्या आतल्यांना मिळते ती मेहेरबानी. आमचं घर १.७ मैलांवर, मध्ये चार लेनचा रस्ता, आणि फुटपाथ पेट्रोल पंपापाशी येऊन संपतो. लेक सहावीत.

बोर्डाच्या मीटिंगला गेले. लोकांना बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं असतात, समोर घड्याळ उलटं धावत असतं. मी फुटपाथचे फोटो घेऊन गेले होते. तिसऱ्या फोटोला घंटा वाजली. ‘थँक यू’ म्हणून अध्यक्षांनी पुढचं नाव पुकारलं. त्या वेळात बोर्डाने उत्तर द्यायचं नसतं अशी आमच्याकडे पद्धत आहे, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मात्र आपलं बोलणं भिंतीला सांगितल्यासारखं वाटलं.

पार्किंगमध्ये एक निवृत्त शिक्षिका मागून आल्या आणि म्हणाल्या, “तू स्वतः का उभी राहत नाहीस? नोव्हेंबरमध्ये तीन जागा आहेत.” मी हसले. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तोही हसला. मग दोघंही जरा वेळ गप्प बसलो.

हा प्रसंग क्षुल्लक वाटेल, पण रटगर्स विद्यापीठात ‘सेंटर फॉर अमेरिकन विमेन अँड पॉलिटिक्स’ नावाची संस्था आहे, १९७१ पासूनची, आणि ती हेच सांगते. पुरुष बऱ्याचदा आपणहून उभे राहतात. बायका उभ्या राहतात त्यात कुणीतरी ‘तू उभी राहा’ म्हटल्याचा वाटा जास्त असतो. हीच संस्था बायकांसाठी ‘रेडी टू रन’ नावाचं प्रशिक्षण घेते. कुठल्याही पक्षाची बाई जाऊ शकते, कुठल्याच पक्षाची नसलेलीही. मी त्या वसंतात गेले. सभागृहात बायकाच बायका, आणि निम्म्या माझ्यासारख्या चेहऱ्याच्या, म्हणजे ‘मी इथे नक्की काय करतेय?’ या चेहऱ्याच्या.

तिथे ऐकलेल्या दोन गोष्टी डोक्यात राहिल्या. एक म्हणजे ज्या राज्यात मी उभी राहत होते त्या न्यू जर्सीच्या १७७६ च्या घटनेत ५० पौंडांची मालमत्ता असलेल्या ‘सर्व रहिवाशां’ना मत होतं, त्यामुळे इथल्या अविवाहित आणि विधवा बायका तेव्हा मत देत होत्या. लग्न झालेल्या बाईच्या नावावर मालमत्ताच नसे, म्हणून तिला नाही. १८०७ मध्ये ते काढून घेतलं. मिळालेलं जातंसुद्धा, हे मला नवीन होतं. दुसरी गोष्ट कॅन्ससमधल्या आर्गोनिया गावातल्या सुझाना सॉल्टरची. १८८७ मध्ये बायकांची खोड मोडायला म्हणून काही पुरुषांनी तिला न विचारता तिचं नाव महापौरपदाच्या यादीत घातलं. तिला मतदानाच्या दिवशीच कळलं. ती निवडून आली आणि अमेरिकेतली पहिली महिला महापौर झाली. आज राज्यांच्या विधिमंडळांत बायका जेमतेम एक तृतीयांश आहेत, आणि जिथे निम्म्याहून जास्त झाल्या असं पहिलं राज्य म्हणजे नेवाडा, तेही २०१९ साली.

हे ऐकताना मला माझी मावशी आठवत होती. सातारा जिल्ह्यातल्या लहानशा गावात ती राखीव जागेवर सरपंच झाली होती. आपल्याकडे १९९३ पासून पंचायतीत एक तृतीयांश, आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा बायकांना आहेत. इथे तसलं काही नाही. पण मावशीच्या मीटिंगला काका बसायचे आणि ती चहा पाठवायची, हेही मी पाहिलंय. तिसऱ्या वर्षी तिने चहा पाठवणं बंद केलं आणि स्वतः जाऊन बसली, तेही पाहिलंय.

आता कागद.

स्कूल बोर्डाला उभं राहायला तुम्ही नागरिक असायला हवं, त्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (त्या बोर्डाच्या हद्दीत) किमान एक वर्ष राहत असायला हवं, आणि मतदार म्हणून नोंद हवी. मी २०१९ मध्ये नागरिक झाले होते (तेव्हा फी ७२५ डॉलर होती, आणि त्यानंतर भारतीय पासपोर्ट परत करणं आणि ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, तो वेगळा लेख होईल). पद बिनपगारी, मुदत तीन वर्षं, आणि मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं. न्यू जर्सी स्कूल बोर्ड्स असोसिएशन दरवर्षी उमेदवारांसाठी एक किट काढते, त्यात अर्जापासून सगळं असतं. मी इथे देतेय ते २०२३ चं आहे. नियम बदलत राहतात, त्यामुळे तुमच्या वर्षाचंच किट उतरवून घ्या.

त्या वर्षी अर्जावर दहा मतदारांच्या सह्या लागत होत्या. दहा! मला वाटलं, एका संध्याकाळचं काम. तीन आठवडे लागले.

कारण सह्या मागाव्या लागतात. दुकानदाराशी घासाघीस मी करू शकते, बॉसकडे पगारवाढ मागू शकते, पण शेजाऱ्याच्या दारात जाऊन ‘मी उभी राहतेय, सही द्याल?’ म्हणताना जीभ टाळ्याला चिकटली. लहानपणापासून शिकवलेलं एकच, कुणाकडे काही मागायचं नाही. साखरसुद्धा वाटीभर मागितली तर दीड वाटी परत करायची. पहिल्या दारात मी पाच मिनिटं हवापाण्यावर बोलले आणि सही न घेता परत आले. नवरा म्हणाला, “काय झालं?” म्हटलं, “त्यांच्याकडे टोमॅटो छान आलेत.”

शेवटी १८ सह्या जमल्या आणि त्यातल्या चार बाद निघाल्या. दोघांची मतदार नोंदणी जुन्या पत्त्यावर होती, एक शेजारी नागरिक नव्हते, आणि एका मैत्रिणीचं घर आमच्या गल्लीलाच लागून असलं तरी स्कूल डिस्ट्रिक्ट वेगळं. हे अर्ज देण्याआधी कळलं ते निवृत्त शिक्षिकाबाईंनी काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) मतदारयादीशी एकेक नाव ताडून बघायला लावलं म्हणून. तुम्हीही तेच करा आणि लागतात त्याच्या दीडपट सह्या घ्या. आणखी एक, फार महत्त्वाचं: ग्रीन कार्डवाल्यांनी उत्साहाच्या भरात मतदार नोंदणीचा फॉर्म चुकूनही भरू नये. नागरिकत्वाच्या वेळी ते गळ्याशी येतं.

अर्जात एक रकाना होता: मतपत्रिकेवर नाव कसं छापायचं. मी सवयीने पासपोर्टवरचं अख्खं नाव लिहिलं. माझं, नवऱ्याचं, आडनाव. नोटरीसाठी बँकेत गेले (आमच्या बँकेत खातेदारांना फुकट करून देतात). तिथल्या बाईने नाव मोठ्याने वाचलं आणि सहज विचारलं, “हे मधलं नाव तुमच्या वडिलांचं का?” म्हटलं, नवऱ्याचं. ती म्हणाली, “ओह. म्हणजे तेही उभे आहेत?” मी पेन हातात धरून बसले. मावशीच्या मीटिंगला बसणारे काका डोळ्यांसमोर आले. तसा आमचा नवरा गरीब आहे, त्याचा काही दोष नाही. पण मी तो फॉर्म घडी करून पर्समध्ये टाकला, नवीन घेतला, आणि फक्त माझं नाव आणि आडनाव लिहिलं. मतदारयादीतलं पूर्ण नाव वेगळ्या रकान्यात असतंच.

नावाखाली तीन शब्दांचं घोषवाक्य देता येतं. तीन शब्दांना चार दिवस लागले. ‘सेफ स्कूल रूट्स’ असं ठरलं. लेक म्हणाली, “आई, रस्ते बांधणाऱ्या कंपनीसारखं वाटतं.” खरंच वाटत होतं. बदलायला वेळ नव्हता.

अंतिम मुदत जुलैचा शेवटचा सोमवार, ३१ जुलै, दुपारी चार. मी गुरुवारी, २७ तारखेलाच काउंटी क्लर्कच्या ऑफिसात जाऊन अर्ज दिला. शेवटच्या दिवशी जाऊ नका. काही राहिलं असेल तर दुरुस्तीला वेळ लागतो. काउंटरवरच्या माणसाने पानं उलटली, शिक्का मारला, पोच दिली. सहा मिनिटं. मी बाहेर येऊन गाडीत बसले आणि उगीचच रडले.

दोन आठवड्यांनी पैशाचं प्रकरण सुरू झालं. न्यू जर्सीत निवडणूक खर्चावर लक्ष ठेवणारा आयोग आहे, ‘एलेक’ म्हणतात त्याला. उमेदवाराने खजिनदार आणि बँक खातं कळवणारा डी-१ फॉर्म भरायचा. खर्च ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर सविस्तर हिशेब. प्रचाराचं खातं वेगळं लागतं, आणि ते उघडायला बँक आयआरएसचा (इथल्या कर खात्याचा) ईआयएन नंबर मागते. तो ऑनलाइन दहा मिनिटांत, फुकट मिळतो. गूगलवर वर येणाऱ्या पैसे मागणाऱ्या साइट्सवर जाऊ नका, मी जाता जाता वाचले. खजिनदार म्हणून अशी मैत्रीण घ्या जी भिशीचा हिशेब पैशापैशाने ठेवते.

पैसे मागणं सह्यांपेक्षा अवघड गेलं. मी ४० जणांची यादी केली आणि पाच दिवस फोन बघत बसले. मग रोज जेवणानंतर तीन फोन, असा नेम केला, औषध घेतल्यासारखा. पुण्याहून भाऊ म्हणाला, मी पाठवतो पाचशे डॉलर. घेता येत नाहीत. इथल्या कुठल्याही निवडणुकीत, अगदी स्कूल बोर्डाच्याही, परदेशी नागरिकाने पैसे देणं बेकायदा आहे. एच-वन व्हिसावाल्यांकडूनही घ्यायचे नाहीत. ग्रीन कार्डवाल्यांकडून चालतात. पैसे न घेता पत्रकं वाटायला, फोन करायला मात्र एच-वनवालेही येऊ शकतात, आणि माझ्याकडे सगळ्यात जास्त तेच आले. ज्यांना मत नाही त्यांचीच मुलं शाळेत असतात ना.

एकूण ४१ जणांनी मिळून २,१५० डॉलर दिले. खर्च २,९२० झाला: अंगणात लावायच्या २०० पाट्या तारांसकट १,०४०, हातात द्यायची कार्डं ३१०, टपालाने पाठवलेली पोस्टकार्डं १,३८०, वेबसाइट ६०, स्वयंसेवकांचा पिझ्झा आणि पाणी १३०. वरचे ७७० आमच्या खिशातले. छापण्यात माझी चूक झाली. प्रचाराच्या प्रत्येक कागदावर ‘याचे पैसे कुणी दिले’ ती ओळ नाव-पत्त्यासह लागते, आणि मी कार्डांवर ती विसरले. तीन हजार कार्डं! सासूबाई तेव्हा इथे आल्या होत्या. आम्ही लेबलचे कागद आणले, प्रिंटरवर ती ओळ छापली, आणि जेवणाच्या टेबलावर बसून एकेक चिकटवलं. सासूबाई चष्मा नाकावर ओढून, करंजीचे काठ दाबावेत तसं प्रत्येक लेबल अंगठ्याने दाबत होत्या. “हे काय लिहिलंय गं?” “पैसे मी दिले असं.” “मग त्यात लपवण्यासारखं काय आहे, मोठ्या अक्षरात लिही की.”

सप्टेंबरपासून दारं. काउंटीकडून मतदारांची यादी मिळते, त्यात कोण कुठल्या निवडणुकीला मत द्यायला गेलं तेही असतं (कुणाला दिलं ते अर्थातच नाही). संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, आठवड्यातून चार दिवस. पहिल्या पंधरा दिवसांतच लक्षात आलं की आपल्या लोकांच्या गल्लीत दहा घरं ठोठावली तर दोन-तीन घरांतच मत असतं. बाकीचे दारातूनच सांगतात, “आम्ही अजून एच-वनवर, बारा वर्षं झाली.” मग पाणी, चहा, आणि शाळेबद्दल पाऊण तास. मन भरतं, मत मिळत नाही. ज्यांना मत असतं त्यांतले कितीतरी म्हणतात की आम्ही प्रेसिडेंटच्या वेळीच जातो. मी घरपट्टीचं बिल काढायला सांगायचे. न्यू जर्सीत घरपट्टीतला सरासरी निम्म्याहून जास्त पैसा शाळांना जातो, आणि तो कसा खर्च करायचा ते बोर्डातले हे नऊ लोक ठरवतात. यावर मात्र चेहरे बदलायचे.

एका दारात एक काकू म्हणाल्या, “तू इथे हिंडतेस, मुलीला कोण बघतं?” म्हटलं, तिचे बाबा. “ते जेवले का?” माझ्याबरोबर त्या दिवशी दुसरा एक उमेदवार होता, दोन लहान मुलांचा बाप. त्याला काहीच विचारलं नाही, उलट चकली दिली. मी चकली मागून घेतली. तोवर मागायला शिकले होते.

१९ सप्टेंबरला गणपती बसले. मला वाटलं, मंडळात चारशे माणसं येतात, आरतीनंतर दोन मिनिटं माइक मिळेल. कार्यकारिणीने नम्रपणे नाही म्हटलं आणि त्यांचं बरोबर होतं. करमुक्त धर्मादाय संस्थेला कुठल्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. मी प्रसादाच्या रांगेत वाढायला उभी राहिले आणि कुणी विचारलं तरच सांगितलं.

ऑक्टोबरमध्ये ‘लीग ऑफ विमेन व्होटर्स’च्या लोकांनी उमेदवारांची जाहीर चर्चा घेतली. बस, बजेट, यावर मी बरी बोलले. मग तो प्रश्न आला. त्या वर्षी जूनमध्ये राज्याच्या अॅटर्नी जनरलनी मॉनमथ काउंटीतल्या तीन स्कूल डिस्ट्रिक्टवर खटले भरले होते. मुलाने शाळेत आपली लिंगओळख बदलली तर पालकांना कळवायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं म्हणून. तुमची भूमिका काय? मी ‘कायदेशीर सल्ला घेऊन’ वगैरे काहीतरी गुळमुळीत बोलले. घरी येताना गाडीत मला स्वतःचाच राग आला. दोन्ही बाजूंच्या लोकांनी नंतर मला सांगितलं की तिथेच तू आमचं मत गमावलंस, आणि मला ते पटलं. जे विचारणार हे माहीत आहे त्याचं उत्तर घरून ठरवून जावं.

मुदतीपूर्व मतदान २८ ऑक्टोबरला सुरू झालं, नेमकी त्याच दिवशी कोजागिरी. सकाळी मत देऊन आले. मतपत्रिकेवर वर राज्याचे सिनेटर, असेंब्ली, काउंटी, टाउनशिप, आणि खाली आम्ही सहा. क्रम चिठ्ठ्या काढून ठरतो, माझा पाचवा. स्वतःचं नाव तिथे छापलेलं बघून भारी वाटेल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात मनात आलं ते एवढंच की अक्षरं किती बारीक आहेत, आणि इथपर्यंत कोण येणार.

७ नोव्हेंबरला पहाटे पावणेसहाला केंद्राबाहेर, १०० फुटांच्या खुणेपलीकडे, थर्मास घेऊन उभी राहिले. सकाळी सहा ते रात्री आठ. लोकरीचे मोजे दोन जोड घाला. राज्यातल्या एक तृतीयांश मतदारांनीही त्या निवडणुकीत मत दिलं नाही, आणि आमच्या केंद्रावर दुपारी दोन ते चार तर आम्ही उमेदवारच एकमेकांना डोनट वाटत होतो.

रात्री साडेदहाला मी ६१ मतांनी मागे होते. पण ७ तारखेचा शिक्का असलेली टपाली मतं नंतर सहा दिवस येऊ शकतात, त्यामुळे संपलं असंही म्हणता येईना. दिवाळीचा फराळ त्या सहा दिवसांत केला. चिवडा खारट झाला. सगळं मोजून झाल्यावर फरक ७४. फेरमोजणी मागितली नाही. तिसऱ्या आलेल्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, बसच्या फोटोंची फाइल पाठवशील का? पाठवली. कर्टसी बसिंग पूर्ण बंद झालं नाही, वर्षाला पैसे भरून मिळायला लागलं. फुटपाथ अजून पेट्रोल पंपापाशीच संपतो.

पाट्या काढायचं काम उमेदवाराचंच असतं. २०० लावल्या होत्या, १६३ परत मिळाल्या. तारा त्या टोमॅटोवाल्या शेजाऱ्यांनी मागून नेल्या, रोपांना आधाराला. पाट्या गॅरेजमध्ये आहेत. छापताना दुकानदाराने वर्ष टाकायचं का विचारलं होतं, मी नको म्हटलं होतं.